हेपलच्या पट्ट्या

शनिवार, ५ ऑगस्ट १९८९

मिळाली! गावच्या सामायिक मळ्यातल्या नऊ नंबरच्या भाड्याच्या तुकड्याची किल्ली आज सकाळी कमिटीच्या चिटणिसाने, टर्नबुलने, माझ्या हातावर ठेवली आणि वर म्हणाला, गार्थ, आता पाठ धरली तर माझ्याकडे रडत यायचं नाही. एकसष्टाव्या वर्षी एवढा आनंद व्हावा असं त्या किल्लीत काही नाही. गंजलेली आहे, दोनदा फिरवावी लागते. पण मी घरी येईपर्यंत ती खिशात चाचपत होतो.

रोजनिशीची सवय धंद्यातली. कोणत्या दिवशी पाऊस आला, कोणता गडी दांडी मारून बसला, हे लिहिलेलं असलं की पुढे गिऱ्हाईक वाद घालत नाही. चौदाव्या वर्षी मी दुसऱ्याची कौलं शिडीवरून वर न्यायला लागलो. सोडलं तेव्हा माझ्या नावाच्या तीन लॉऱ्या लीड्समध्ये फिरत होत्या. त्या विकल्या. रूथ गेल्यावर तिच्या माहेरच्या या गावात आलो आणि मळ्याच्या कुंपणाला लागून घर घेतलं. एप्रिलपासून मागच्या खिडकीत बसून या लोकांच्या गप्पा ऐकत होतो. माझे कान तिखट आहेत. छपरावर असताना खालच्या गिऱ्हाइकाची कुजबुज ज्याला ऐकू येत नाही त्याने कौलांच्या धंद्यात पडू नये. पण गप्पा ऐकणं वेगळं आणि गप्पांत असणं वेगळं. इथली खाण बंद होऊन वीस वर्षं झाली, तरी माणूस ओळखला जातो तो त्याच्या तुकड्यावरून. तुकडा नसेल तर मान हलवतात आणि पुढे जातात.

तुकडा मिळण्याच्या यादीत मी अकरावा होतो. क्लबाच्या छपराची गळती मी फुकट काढून दिली आणि टर्नबुलला माझं नाव वर दिसायला लागलं. बाकीचं लिहायची गरज नाही.

तुकडा तीस पावलं लांब, दहा रुंद. डांबर फासलेली खोपी, पावसाच्या पाण्याचं पिंप, त्यात तळाला वीतभर पाणी. अर्ध्या जागेत तण. मधल्या चरात मात्र बारा लीक उभे, पातीच्या कांद्याची थोरली भावंडं, माझ्या दंडाएवढे जाड, दांडा पांढरा राहावा म्हणून प्रत्येकाला काळ्या कागदाची गळपट्टी. प्रत्येक ओळीच्या टोकाला लाकडी पट्टी आणि तिच्यावर ओली केली की शाईसारख्या उमटणाऱ्या जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने नीट लिहिलेलं: कांदे, २ एप्रिल. बीट, ३० एप्रिल. ते अक्षर आधीच्या माणसाचं, कथबर्ट हेपलचं. जुलैत वारला.

दुपारभर राबलो. खोपीच्या मागे छातीएवढ्या उंच दांड्यांवर राखी रंगाचे गोल गोंडे आले होते, पाच होते. बीवर गेलेला जंगली कांदा दिसला. तणाबरोबर ढिगात घातले आणि पेटवून दिलं. ऊन असं होतं की ज्वाळा दिसतच नव्हती, नुसती हवा थरथरत होती.

आठ नंबरवाली विनी आर्कल वर्तमानपत्रात गुंडाळून घेवडा घेऊन आली. सत्तरीची, पुरुषाचे बूट, डोक्याला रुमाल. काय जाळतोयस राजा, म्हणाली. मी म्हटलं, कचरा. ती ढिगाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, घेवडा कोवळा आहे, आजच कर.

मंगळवार, ८ ऑगस्ट

ऊन. नळीने पाणी द्यायला बंदी आहे, म्हणून सगळे नळावर रांगेत, झाऱ्या घेऊन. मी एकोणीस झाऱ्या ओतल्या.

रांगेत पर्व्हिस भेटला. जाडा, तोंडाचा फाटका, मला छप्परवाले साहेब म्हणतो. त्याने किस्सा सांगितला: म्हातारा हेपल पट्टी लिहिताना पेन्सिल जिभेवर ओली करायचा, त्यामुळे त्याची जीभ कायम जांभळी. एकदा नवीन डॉक्टरने जीभ काढायला सांगितली आणि ती पाहून बिचारा डॉक्टरच खुर्चीत बसला. सगळे हसले. मीही हसलो. मला फार बरं वाटलं.

मग पर्व्हिसने विचारलं, साहेब, ते गोंडे तुम्ही खरंच जाळलेत? मी हो म्हटलं. एकाने झारी भरायची तशीच ठेवून टोपी काढली आणि पुन्हा घातली.

नंतर विनीने सांगितलं. सप्टेंबरात सगळ्यात जाड लीकला चषक देतात, त्या प्रदर्शनाचा लीक बियांपासून करत नाहीत. सगळ्यात चांगला लीक फुलावर जाऊ द्यायचा, गोंड्याची फुलं खुडायची, म्हणजे फुलांच्या जागी गवताच्या काडीसारखी बारीक पिल्लं फुटतात. ती लावायची. त्यात आई जशी तशीच लेकरं. हेपलचं वाण त्याच्या बापाचं होतं. साठ वर्षांचं. त्याने ते कोणाला दिलं नव्हतं, मागायचीही कोणाची छाती नव्हती. तुला कसं माहीत असणार राजा, म्हणाली. तू परगावचा.

खिडकीतून मला दिसलं होतं ते हेच. कमरेच्या वर वाढलेलं.

आता लिहूनच टाकतो. ही वही दुसरं कोण वाचणार आहे. जूनमध्ये मी कमिटीला पत्र टाकलं. निनावी. नऊ नंबरवर कमरेइतकं तण माजलं आहे. त्याचं बी वाऱ्याने दुसऱ्यांच्या वाफ्यांत जातं. ज्याला राबायचं नाही त्याने जागा अडवून बसू नये. खाली लिहिलं: एक शेजारी. ते मुद्दाम लिहिलं. म्हणजे परगावच्या माणसाकडे कोणाचं लक्ष जाणार नाही.

म्हातारा अंथरुणाला खिळलाय हे मला माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं.

शनिवार, १२ ऑगस्ट

बटाटे काढले, दोन बादल्या. बरे निघाले. मॅरो नावाचे भोपळे तर आवरत नाहीत. रोज एक नवा, दुधीएवढा. सगळे एकमेकांच्या दारात ठेवून पळतात.

इथली एक रीत आज कळली. कोणी आजारी पडला की शेजारचे त्याच्या तुकड्यातली एकेक ओळ खुरपतात. ठरवून नाही, बोलून नाही. मेपासून विनी हेपलच्या दोन ओळी दर आठवड्याला खुरपत होती. बाकीच्यांनी कांद्याच्या आणि बिटाच्या ओळी वाटून घेतल्या होत्या. गोंड्यांच्या बाजूला मात्र कोणी फिरकलं नाही, म्हाताऱ्याच्या वाणाला हात कोण लावणार. पण लेखी तक्रार आली की टर्नबुलला नियमाने नोटीस काढावीच लागते. अठ्ठावीस दिवसांची.

पत्र कोणाचं हे सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवलंय. शेजारी म्हणजे विनी. एका बाजूला विनी, दुसऱ्या बाजूला रस्ता. नळावर ती आली की पर्व्हिस टोपी काढून वाकतो: या शेजारीणबाई, आज कोणाला पत्र घातलंत? खुरपायचं एका हाताने आणि लिहायचं दुसऱ्या हाताने, हे काय सगळ्यांना जमतं होय?

ती झारी भरते आणि जाते. आज पाणी रस्ताभर सांडत गेलं.

मी तिथेच होतो. माझी झारी भरली तरी नळ चालूच होता.

सोमवार, १४ ऑगस्ट

दुपारी तीन. उकाडा, पान हलत नाही. खोपीच्या सावलीत डोळे मिटून बसलो होतो. लांब दांड्याचं खुरपं कोणीतरी चालवत होतं. दोन फटके, एक खोकला. दोन फटके, एक खोकला. खोकला कोरडा, खाणीतल्या माणसाचा. पर्व्हिस असेल म्हणून उठलो. आसपास कोणी नव्हतं. चराच्या बाजूची माती मात्र पिठासारखी मोकळी झाली होती, ओली, काळी.

मी सकाळी ती खुरपली असेन. विसरलो असेन.

बोलता बोलता विनीला विचारलं, हेपल कसा खुरपायचा. ती हसली. दोन फटके आणि एक खोकला, म्हणाली, त्याच्यावर घड्याळ लावावं.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

गळपट्ट्या उंच बांधलेल्या आहेत. बाराच्या बारा. लीक जसा वाढतो तशी गळपट्टी वर सरकवायची असते, हे मला काल पर्व्हिसने सांगितलं. आज करणार होतो. कोणीतरी आधीच केलं.

आणि एक नवी पट्टी. बिटाच्या ओळीच्या टोकाला. जुनं, पावसात राखाडी झालेलं लाकूड, पण अक्षर ताजं. जांभळं. ओलं असल्यासारखं चमकत होतं. बीट लिहिलं नव्हतं.

कमरेइतकं तण.

सोमवार, २१ ऑगस्ट

रात्री वादळ झालं. आज सगळीकडे वाफ, टोमॅटोवर करपा पडायची भीती. दुसरी पट्टी: त्याचं बी वाऱ्याने.

मी मूर्ख नाही. चाळीस वर्षं गडी सांभाळलेत. कोण कुठे चोरी करतो हे मला बुटांवरून कळतं. पत्र दोनच माणसांनी वाचलं, टर्नबुलने आणि हेपलने. गेलो टर्नबुलकडे. तो जेवत होता, काट्याला बटाटा तसाच. म्हणाला, तुला कसं ठाऊक पत्रात काय होतं? मी म्हटलं, सगळे बोलतात. म्हणाला, सगळ्यांना फक्त खालची सही ठाऊक आहे, तीही मी चुकून बोलून गेलो. पत्र नोटिशीसोबत हेपलला दिलं. दुसरी प्रत नाही.

माझ्याकडे तो जरा जास्त वेळ पाहत होता. की तसं वाटलं.

दोन्ही पट्ट्या उपटल्या, खोपीतल्या डब्यात कोंबल्या, कुलूप लावलं.

मंगळवार, २२ ऑगस्ट

पुन्हा ओळीच्या टोकाला. दोन्ही. कुलूप जसंच्या तसं.

शनिवार, २६ ऑगस्ट

हेपलची मुलगी डोरीन हत्यारं न्यायला आली. पन्नाशीची, शांत. मी सगळं पुसून, तेल लावून ठेवलं होतं. बापाने जपली असती तशीच जपलीत, म्हणाली.

मग बाकावर बसून सांगू लागली. नोटीस आली तेव्हा म्हातारा अंथरुणातच. पत्र चारदा वाचलं. मग उठून कपडे केले, कोट घातला, पत्र आतल्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, याचं उत्तर तोंडावर द्यायला हवं. तिने अडवलं, ऐकलं नाही. मळ्याच्या फाटकापर्यंत पोचला. फाटकाची साखळी हातात धरूनच बसला खाली. तिथेच.

त्याच कोटात पुरलं त्याला. पत्र तिने खिशातून काढलं नाही. उत्तर द्यायचं राहिलंय ना, म्हणाली.

निघताना तिने विचारलं, तुम्ही इथे दिवसभर असता, तुमच्या कानावर काही आलंय का, कोणी लिहिलं?

मी फक्त आठ नंबरकडे पाहिलं.

डोरीनही तिकडे पाहू लागली. विनी घेवडा तोडत होती. तिने हात वर करून डोरीनला हाक मारली. डोरीनने हात वर केला नाही.

सोमवार, २८ ऑगस्ट

तिसरी. ज्याला राबायचं नाही त्याने.

पट्ट्या जाळल्या. ज्या जागी गोंडे जाळले तिथेच. राख पायाने पसरली.

मंगळवार, २९ ऑगस्ट

तिन्ही परत. कडा कोळशासारख्या काळ्या. अक्षरं स्वच्छ.

टोमॅटो एका दिवसात करपले. माझेच. विनीचे नाहीत, पर्व्हिसचे नाहीत. लीक मात्र — कोणी सांगितलं तरी खरं वाटणार नाही असे फुगलेत. पर्व्हिस म्हणतो, साहेब, या वर्षीचा चषक तुमच्याच फळीवर. खांद्यावर हात टाकून म्हणाला. एप्रिलपासून याच हाताची वाट पाहत होतो. तो हात मला सहन झाला नाही.

शनिवार, २ सप्टेंबर

मळ्याची सभा. विनीला उभं केलं. पर्व्हिस बोलला, मग आणखी दोघे, मग डोरीन — रडत. विनी एकदाच म्हणाली, मी त्याच्या ओळी खुरपत होते रे. कोणीतरी मागून म्हणालं, हो, नि बीही पेरत होतीस.

तिने रुमालाच्या टोकाला बांधलेली किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. तेहतीस वर्षांचा तुकडा. तिच्या लीकांवर आता प्रदर्शनाचा शिक्का बसणार नाही. टर्नबुल खाली पाहत होता.

मी दुसऱ्या रांगेत होतो. उठायचं होतं. पाय ठेवला पुढे. मग पर्व्हिसने मला जागा करून दिली, सरकून, हसून, आणि मी बसलो.

बसलो.

रविवार, ३ सप्टेंबर

धुकं. खुरप्याचा आवाज सकाळपासून. थांबत नाही. चराच्या बाजूने नाही आता. खोपीच्या भिंतीला लागून.

चौथी पट्टी. जागा अडवून बसू नये.

मंगळवार, ५ सप्टेंबर

खोकला लागलाय. कोरडा. धुक्याने असेल.

दोन ओळी खुरपल्या आणि लक्षात आलं — मोजून. दोन फटके. आणि मग — मीच.

हात थांबवला. आवाज थांबला नाही.

गुरुवार, ७ सप्टेंबर

विनी नाही. तिचा घेवडा वेलावर जाड होऊन वाळतोय. कोणी तोडत नाही. मी तोडायला गेलो, तिच्या तुकड्याच्या फाटकाला हात लावला. नाही जमलं.

दाढी करताना आरशात — जीभ. जांभळी. साबणाने घासली. ब्रशने. रक्त आलं, तेही —

पेन्सिल माझ्याकडे नाही. मी शपथेवर सांगतो. घरात नाही, खोपीत नाही, खिशांत —

बोटांवरही आहे.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

पाचवी पट्टी लीकांच्या चरात. एक शेजारी. ते दोन शब्द आडवी रेघ मारून खोडलेत. त्याखाली लाकूड कोरं. नीट तासून ठेवलेलं, नाव मावेल एवढं.

उद्या शिक्क्याचा दिवस. प्रदर्शनाला दुसऱ्याचा लीक आणू नये म्हणून दोन आठवडे आधी सगळे मिळून तुकड्या-तुकड्याने फिरतात आणि प्रत्येक लीकच्या पानावर शिक्का मारतात. सगळे येणार. सगळ्यांना पट्ट्या दिसणार.

उपटायला गेलो. हात लावला की थंड. ओलसर थंड, माणसाच्या हातासारख्या. येत नाहीत. खालून कोणीतरी —

विनीच्या दारापर्यंत गेलो. घंटी वाजवली नाही.

शनिवार, ९ सप्टेंबर. सकाळी पावणेदहा

खोपीत. दार आतून लावलंय. सगळं लिहून ठेवतो, पटकन.

दाट धुकं. ते एक नंबरपासून निघालेत. शिक्का आपटल्याचा आवाज येतोय, आणि पर्व्हिसचं हसणं. माझे कान. देवा, माझे कान बंद का होत नाहीत.

आता खुरप्याचा आवाज नाही. पहिल्यांदाच. सगळं शांत आहे.

सातवर आले. सात झाला. आठ नंबरला थांबले नाहीत.

इथे आले.

पर्व्हिस म्हणाला, अरे वा, काय लीक आहेत. मग म्हणाला, हे काय. मग मोठ्याने वाचतोय. कमरेइतकं तण. त्याचं बी वाऱ्याने. हसणं थांबलं त्याचं. टर्नबुल म्हणतोय, हे पत्र आहे. शब्दन्‌शब्द. ज्याला राबायचं नाही त्याने. कोणीतरी म्हणालं, हे कथबर्टचं अक्षर आहे. हे अक्षर — ताजं कसं —

विनीचा आवाज. ती आलीय. आपली झारी न्यायला आले म्हणतेय. तिला पट्ट्या दिसत नाहीत, चष्मा नाही. ती फक्त विचारतेय, गार्थ कुठाय? खोकत होता परवा, मला घरापर्यंत ऐकू येत होतं. आजारी असेल तर त्याच्या ओळी मी खुरपीन. किल्ली असो नसो.

बूट मागे सरकल्याचा आवाज.

ती दार वाजवतेय. राजा, म्हणतेय. आहेस ना आत?

उठतो. सांगतो. उत्तर तोंडावर द्यायला —

माझ्या मागे खोकला.

एकदा.

वळत नाही. वळणार नाही. खांद्यावरून हात पुढे आलाय, बाही त्या कोटाची, ओली माती. हातात पेन्सिल. टोक माझ्याकडे. टोक ओलं आहे. त्याने मला ती चाटून दिली आहे.

मांडीवर पट्टी. कोरी. ती आत कशी —

विनी, पत्र मी लिहिलं. माझं नाव गार्